जिनेवाली गेली तेव्हा

नागपूर स्टेशनच्या फलाटावर मी बाबांच्या पाया पडले आणि वाकल्या वाकल्याच विचारलं, "जाऊ ना मी?" बाबा काही बोलले नाहीत. मी परत विचारलं. त्यांनी डब्याचा नंबर पाहिला, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि आईकडे बघत उभे राहिले. ते ड्यूटीवरून थेट आले होते, वॉचमनचा निळा शर्ट अंगात तसाच. गाडी हलली तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्याला अकरा वर्षं झाली. बेंगळुरूला येऊन मी कामापुरतं कन्नड शिकले, मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकले, परक्या घरातला गॅस दोनदा तपासायची सवयही लागली. पण बाबांनी मला जा म्हटलं होतं की नाही, हे काही मला कळलेलं नव्हतं.

माझी शाळा सातवीला सुटली. कोणी काढली असं नाही. आईला बरं नव्हतं, बाबांच्या हातमागावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला कोणीतरी हवं होतं, आणि मला गणित येत नव्हतं. लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं. मी परत आले तेव्हा बाबांनी दार उघडलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. ते उपकार फिटायचे नाहीत. पुढे नागपुरातच प्रतापनगरला एका ताईंकडे मी स्वयंपाक करायचे. त्यांची मुलगी इकडे बेंगळुरूला दिलेली. तिच्या सासूबाईंना सांभाळायला विश्वासाची बाई हवी होती, म्हणून मी आले. एकटी बाई, परका मुलूख. मला वाटायचं, बाबांना हे आवडलेलं नाही. माग केव्हाच बंद पडला होता, ते शहराबाहेर मिहानकडे एका गोदामाच्या गेटवर उभे राहत होते, आणि लेक लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळायला चाललेली. चार वेळा घरी गेले. चारही वेळा "बरं आहे ना?" एवढंच विचारून ते मान हलवत. मी कुढत परत यायची.

आता तुम्ही म्हणाल, यात टीव्ही कुठून आला. आमच्या घरी सगळं टीव्हीतूनच आलं आहे.

पुढच्या खोलीत माग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आणि समोर लोखंडी पेटीवर जुना विकत घेतलेला टीव्ही. माग चालू असला की आवाज नुसता खटक-खटक, आणि तो नेहमीच चालू असायचा. टीव्हीतली माणसं तोंडं हलवायची, ऐकू काही यायचं नाही. म्हणून बाबा त्यांचं बोलणं करून द्यायचे. हात धोट्यावर, नजर पडद्यावर आणि तोंडाने सगळ्यांचे डायलॉग. सुटाबुटातला साहेब फायली आपटायचा आणि बाबा म्हणायचे, "काहून गा, आज भाजीत मीठ नव्हतं का?" आम्ही भावंडं हसून हसून लोळायचो. बातम्या सांगणारी बाईसुद्धा आमच्याकडे नागपुरीच बोलायची. राजे-महाराजे, इन्स्पेक्टर, नवऱ्याला मुठीत ठेवणाऱ्या बायका, सगळे आमच्या गल्लीतले झाले होते.

त्यात एक होती जिनेवाली. खरं नाव लिहीत नाही, आमच्याकडे ते कोणी घेतही नसे. मोठ्या बंगल्यातली, रेशमी साडीतली बाई, सदा जिन्यावरून उतरताना दिसायची म्हणून जिनेवाली. ती बाबांची लाडकी. तिच्या लेकीने घर सोडलं तो भाग मला अजून जसाच्या तसा आठवतो. लेक बॅग घेऊन दारात. जिनेवाली वरच्या पायरीवर, डोळे मोठे करून. बाबा म्हणाले, "पहा कसे डोळे भरले तिचे." आणि मग तिच्या आवाजात, "जाय वं माय, जाय. चटणीचा डबा आडवा नको ठेवू, तेल सांडते." त्या दिवशी मी रडले. शेजारची एक मैत्रीण म्हणायची की ती बाई खाष्ट आहे, दुष्ट आहे. मी तिच्याशी महिनाभर कट्टी धरली. माझे बाबा खोटं कशाला सांगतील?

आपल्यासारखे जे घर सोडून बाहेर पडले आहेत त्यांना हे माहीत असेल. ती टीव्हीतली माणसं आता एकेक करून चालली आहेत. रविवारी सकाळी रथातून यायचा तो गेला. पडून पडून हसवणारा तो जाडा गेला. गावात असतं तर नळावर, किराणा दुकानात कोणीतरी म्हणालं असतं, अरे, तो गेला म्हणे. इथे कोणाला सांगू? मी सांभाळते त्या आजींना त्यातलं कोणी माहीत नाही. त्यांची माणसं वेगळी, त्यांचे मेलेले वेगळे. एकदा त्यांचा एक जुना नट गेला तर आजींनी दुपारचं जेवण घेतलं नाही, मी ताट पुढे करून कितीही "ऊटा, ऊटा" म्हटलं तरी "बेडा". 'बेडा' म्हणजे नको, हे मला त्या दिवशी नीट कळलं. मी सुरुवातीला त्यांच्यासोबत सीरियल बघायची तेव्हा एक अक्षर कळत नव्हतं, पण अडचण अशी काही वाटली नाही. मला सवय होती.

मागच्या महिन्यात सकाळी बीन्स निवडताना मोबाइलवर बातमी आली. जिनेवाली गेली. फोटो बघून बीन्स तशाच राहिल्या. खाली लिहिलं होतं, 'गाजलेली खलनायिका'. मी म्हटलं, चुकून दुसरीचं लिहिलं असेल. खाली मालिकेचा एक जुना तुकडा होता, तोच, लेक बॅग घेऊन दारात उभी असलेला. मी आवाज मोठा केला. जन्मात पहिल्यांदा मी जिनेवालीचा आवाज ऐकला. तीक्ष्ण, थंड आवाज. वरच्या पायरीवरून ती लेकीला म्हणत होती, "आजपासून तू मला मेलीस."

चटणीचा डबा नाहीच. मी तो तुकडा चार वेळा पाहिला. डोळे भरलेले नव्हते, रागाने तारवटलेले होते.

आईला फोन लावला. आधी तिला बाई गेल्याचं सांगितलं, ती चुकचुकली. मग मी हसत सांगितलं की अगं, ती तर दुष्ट होती, बाबांनी आम्हाला चांगलंच बनवलं. मागाच्या आवाजात काय वाटेल ते ठोकून द्यायचे.

आई म्हणाली, "मागाचं काय घेऊन बसली वं. त्यायले तवाच ऐकू येत नव्हतं."

मला वाटलं, फोनमध्ये काही गडबड आहे. पण ती सांगत गेली. वर्षानुवर्षं मागावर बसून कान गेले ते आम्ही लहान असतानाच. बाबा ओठ बघून समजायचे, न समजलं तर जुळवायचे. पोरं हसतात तर त्यांना बरं वाटायचं. आम्हाला काही सांगायचं असलं तर आई म्हणायची, मला सांगा, मी त्यांना सांगते. आम्ही समजायचो, बाबा रागीट आहेत. पुढे गेटवरची नोकरी लागल्यावर तर कानांबद्दल तोंडच बंद ठेवावं लागलं. बहिऱ्या वॉचमनला कोण ठेवील? पोरं कुठे बोलून जातील म्हणून आम्हालाही सांगितलं नाही. आता नोकरी सुटली, लपवण्यासारखं काही उरलं नाही. ऐकायचं मशीन आणून दिलं तर ते कानात शिट्टी वाजवतं म्हणून पेटीत ठेवून दिलंय.

मी फोन ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. अकरा वर्षं मी ज्या गप्प राहण्याला राग समजत आले, तो राग होता की नुसतं ऐकू न येणं? विचारल्याशिवाय चैन पडेना, आणि विचारायची भीतीही वाटत होती. खरंच रागावलेले असले तर?

रविवारी भावाची मुलगी घरी असते. तिला व्हिडिओ कॉल लावून फोन बाबांसमोर धरायला सांगितलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर मी जाड पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "मी इकडे आले तेव्हा तुम्ही रागावले होते का?" पान कॅमेऱ्यासमोर धरलं. भाची म्हणाली, आत्या, सरळ धर. बाबांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं, परत वाचलं. मग बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "पाया पडताना तुहं तोंड खाली होतं वं. ओठच नाही दिसले. काहीतरी विचारून राहिली, एवढं समजलं."

मी घाईने लिहिलं, "मग काहीतरी बोलायचं. टीव्हीवाल्यांचं बोलत होते ना."

ते वाचून बाबा हसले, आणि मग हसणं थांबवून म्हणाले, "टीव्हीवाल्यायचं काय, काहीबी बोललं तं चालते. तुले अंदाजानं काय सांगू? 'हो' म्हणून बसलो असतो अन् तू विचारलं असतं 'थांबू का', तं?"

माझं पान भरलं होतं. भाचीला काही कळत नव्हतं, ती एकदा फोनमध्ये, एकदा आजोबांकडे बघत होती. बाबाच म्हणाले, "काय विचारलं होतं मंग?"

मी पान उलटं केलं, पण त्या बाजूला तारखा होत्या. कोपऱ्यात जागा शोधून लिहिलं, "काही नाही. येते, असं म्हणत होते."

"मंग ये ना," बाबा म्हणाले. "कोण नाही म्हटलं?"

'येते' हे वाक्य मी बनवलेलं होतं. त्यांना कळलं असेल का, मला माहीत नाही. कळलं असेल तरी त्यांनी चालवून घेतलं.

आजींच्या सुनेकडे पंधरा दिवसांची सुट्टी मागितली आहे, मिळेल बहुतेक. माणसं चांगली आहेत. पूर्वी घर म्हटलं की मला ती पुढची खोली आठवायची, जी आता भाड्याने दिलेली आहे. आता मोबाइलला नाक लावून माझ्या ओठांकडे टक लावून बघणारे बाबा आठवतात. दर रविवारी मी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलते. कॉल लावायच्या आधी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसते, म्हणजे उजेड माझ्या चेहऱ्यावर येतो.