वाढू न देणारं औषध

सायटोस्टॅटिक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कुंभकोणच्या इस्पितळात, तेरा वर्षांची असताना. आत्याच्या मानेत गाठी आल्या होत्या. डॉक्टर नवा, मलबारकडचा ख्रिस्ती, त्याची तमिळ म्हणजे आनंदच. माझ्या वडिलांना, अप्पांना, इंग्रजीचा गंध नाही. तिरुभुवनम्‌ची रेशमी लुगडी विकायला तमिळ आणि मोडी पुरत होती. तेव्हा दुभाषी कोण? मी!

डॉक्टरनं समजावलं. अंगातल्या पेशी एकीच्या दोन, दोनांच्या चार होत राहतात. गाठीतल्या पेशींना तर काही धरबंधच नसतो. हे औषध त्यांना मारून टाकतंच असं नाही, दोनाचे चार मात्र होऊ देत नाही. मी अप्पांना सांगितलं, "मारत नाही, पण वाढू देत नाही."

अप्पांनी लगेच मान डोलावली. डोलावणारच! हा उपाय आमच्या घरात तीस वर्षं चालू होता. आत्या पंधराव्या वर्षी विधवा झाली, त्या दिवसापासून लाल आलवण, एक वेळचं जेवण आणि महिन्याच्या महिन्याला मागच्या अंगणात डोक्यावर न्हाव्याचा वस्तरा. आमच्या पूर्वजांनी तंजावरला येताना मराठी मुलुखातून काय काय आणलं कोण जाणे, हे मात्र जपून आणलं होतं. आणि वर सगळे म्हणायचे, अक्काला आम्ही काही कमी केलं नाही हो.

डॉक्टरनं एक गोष्ट दोनदा बजावली. केसांची मुळंही सारखी वाढत असतात, म्हणून औषध त्यांनाही थांबवतं. केस गळू लागले की ताबडतोब सांगा. त्यानंतर अंगात नवं रक्त तयार होणंही थांबतं, आणि तेव्हा औषध थांबवलं नाही तर औषधच जीव घेईल. हे मी अप्पांना शब्दन्‌शब्द सांगितलं. आत्या शेजारीच बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून, फक्त मान उघडी. डॉक्टरला पदराखालचं ठाऊक नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं तर अप्पांनी असं पाहिलं की माझी दातखीळच बसली. परक्या माणसापुढं घरातल्या सोवळ्या बाईच्या डोक्याची चर्चा? नाक कापलं गेलं असतं आमचं!

मग दर आठवड्याला घोड्याच्या जटक्यातून इस्पितळ, सुई, आणि तोच प्रश्न. केस गळले का?

"एकही नाही," अप्पा म्हणत. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. रोज विठ्ठलापुढं तासभर भजन करणारा माणूस! डॉक्टर खूश होऊन पुढची सुई देई.

महिन्याभरानं न्हावी आला. आत्याच्या डोक्यावरून हात फिरवून तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, या खेपेला वस्तऱ्याला कामच नाही." अप्पांनी ऐकलं आणि हात जोडले. पांडुरंगानं अक्काची सेवा रुजू करून घेतली म्हणे! दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला तेच कौतुक. इकडे आत्याचं तोंड आतून सोललं होतं, ताकभातसुद्धा गिळवेना. हिरड्यांतून रक्त येई, ते ती गुपचूप मोरीत थुंके. मी पाहिलं तर म्हणाली, "अप्पाला सांगू नको गे, उगीच त्याच्या जिवाला घोर."

मला रडू आलं आणि संतापही आला. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी एकटी इस्पितळात गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आत्याला गळायला केसच नाहीत, आम्ही ते दर महिन्याला काढतो.  डॉक्टरनं ज्या काही शिव्या दिल्या, त्यांचा अर्थ आमच्या शाळेत शिकवत नसत.

औषध बंद झालं. रक्त तपासलं, आणखी एक सुई दिली असती तर आत्या गेली असती. डॉक्टरनं इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली: दोन महिने डोक्याला वस्तरा लावायचा नाही, केस परत आलेले मला दिसले पाहिजेत. अप्पांनी माझ्याकडून ती वाचून घेतली आणि देव्हाऱ्यामागं ठेवली. डॉक्टरांचा हुकूम, करता काय!

केस आले. पांढरे, मऊ, पेरभर. दोन महिन्यांनी न्हावी हजर. आत्या आतून ती चिठ्ठी घेऊन आली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वाच गे." मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती, पदराखालून हात घालून केस चाचपत होती. मी ठणठणीत आवाजात वाचलं, "अजून दोन महिने."

त्यानंतर दर दोन महिन्यांनी वाचलं. डॉक्टरची बदली झाली तरी वाचलं. गाठी जागच्या जागी होत्या, केस मात्र खांद्यावर आले. दुपारी सगळे निजले की आत्या माझ्याकडून वेणी घालून घेई आणि लाजे, पंचेचाळीस वर्षांची बाई.

तीन वर्षांनी गाठी पुन्हा वाढल्या आणि ती गेली. तिरडी बांधायच्या आधी जाणत्या मंडळींनी न्हाव्याला बोलावलं. केसांसकट सोवळ्या बाईला कसं न्यायचं? अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी देव्हाऱ्यामागून चिठ्ठी आणली. घड्यांवर फाटलेली, शाई पुसट. आत्याच्या उशाशी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"अजून दोन महिने."

 न्हाव्यानं वस्तरा पेटीत ठेवला, आत्याला नमस्कार केला आणि मागच्या दारानं निघून गेला.