पेपरात तसं लिवलंय

येडशीच्या नबीलाल शिंप्यानं आयुष्यात स्वतःचं मत असं कधी दिलंच नाही. दुपारच्या गाडीनं पेपर यायचा, दुकानासमोर माणसं जमायची आणि नबीलाल मशीन थांबवून मथळ्यापासून जाहिरातींपर्यंत सगळं एकाच गंभीर आवाजात वाचायचा. कुणी काही विचारलंच, तर अक्षरांवर बोट ठेवून म्हणायचा, "पेपरात तसं लिवलंय."

अठ्ठावन्न सालच्या शिमग्यानंतर त्यानं एक बातमी वाचली. एका डॉक्टरांनी शंभर विसरभोळी माणसं तपासली, त्यातली नव्याण्णव शिळी भाकरी खाणारी निघाली. सबब शिळ्या भाकरीनं स्मरणशक्ती जाते. आता आपल्याकडं सकाळी शिळी भाकरी न खाणारा माणूस शोधून तर दाखवा! पण हसलं कुणी नाही. नबीलालच्या आवाजात हसण्यासारखं कधी काही नसायचंच.

शेजारची तुळजाबाई मात्र घाबरली. म्हातारीला हल्ली नावं आठवत नव्हती. मेलेल्या लेकीचं नावसुद्धा एकदा ओठांवर येईना. तिनं सकाळची भाकरीच सोडली. ताजी थापायला सवड कुठली? उपाशीपोटी ज्वारी काढायला जायची. आठव्या दिवशी शेतात भोवळ येऊन पडली.

दुसऱ्याच दिवशी पेपरच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात खुलासा आला. ती एका मासिकाच्या शिमगा अंकातली थट्टा होती, नजरचुकीनं खरी बातमी म्हणून छापली गेली. नबीलालनं तो दोनदा वाचला. नजर पेपरवाल्यांची चुकली असेल, पण गावाला वाचून दाखवणारं तोंड त्याचं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. हातातली कात्री टाकून तो तुळजाबाईकडं गेला आणि खुलासा वाचून दाखवला.

तुळजाबाईनं खाटेवरूनच मान हलवली. "तवाबी पेपरच व्हता, आताबी पेपरच हाय. खरं कंचं रं? ठेव त्यो बाजूला. तुला काय वाटतं?"

नबीलाल गांगरला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं पेपरची घडी घातली, टोपल्यातली कालची भाकरी घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली.

"काकू, आमची अम्मा जनमभर हीच खायची. तरी बापाच्या समद्या खोड्या मरस्तोवर तिला पाठ व्हत्या." त्यानं घास तोडला. "म्या म्हंतो, खावा."

तुळजाबाई हातातल्या भाकरीकडं बघत राहिली. "आन् परत लेकीचं नाव इसरले तर?"

"तारामती," नबीलाल म्हणाला. "म्या हाय की सांगायला."