टोपल्यातला खिळा

अकोल्याच्या मुन्सफ कचेरीत पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणारा एक पट्टेवाला होता. त्याची हाक मोर्णा नदीपल्याड जाई. मी अर्जनवीस, बाहेर कडुनिंबाखाली बसे. त्यानं तोंड उघडलं की माझी दौत हले.

एका पौषात त्याची कोंबडी खुडूक बसली. घरात वारं शिरतं म्हणून त्यानं तिला अंड्यांसकट टोपल्यात घालून कचेरीच्या उन्हातल्या ओसरीवर आणलं. ढगांच्या गडगडाटानं अंडी नासतात, म्हणून टोपल्यात लोखंडी खिळाही ठेवला. त्या दिवसापासून हा गृहस्थ एकेका पक्षकाराच्या कानाशी जाऊन पुकारा करू लागला.

पानाच्या दुकानी गेलेला एक जण त्याला सापडलाच नाही आणि बिचाऱ्याचा दावा खारीज झाला. मुन्सफसाहेब कडाडले, "पुकारा का करत नाहीस?"

"खिळा ढगासाठी हाय साहेब. माह्या आवाजाले तो पुरत नाई."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घरून घोड्याचा नाल आणला आणि न हसता त्याच्या हातात दिला. त्यानं तो टोपल्यात ठेवला. मग निंबाखाली येऊन माझ्या कानात म्हणाला, "मुन्शीजी, काल साहेब वरडले तं कोंबडी उठून उभी राह्यली होती. सोताच्या आवाजासाठी आनला त्यायनं नाल. समजदार मानूस हाय."