पेरूवालीनं अडवलेला मामा

उंब्रजच्या स्टँडवर एक पेरूवाली बसते. पेरू देण्याआधी ती गिऱ्हाइकाचे हातपाय तपासते! गवत कापताना तिला विळा लागला, तिनं जखमेत तंबाखू दाबली आणि सेप्सिस होऊन, म्हणजे जखमेतला जंतुसंसर्ग अंगभर भिनून, मरता मरता वाचली. त्याला दोन वर्षं झाली, तरी टोपली उचलताना अजून धापा टाकते. त्या आजारात गळालेले केस मात्र कुरळे उगवलेत. ते ती सगळ्यांना कौतुकानं दाखवते.

भाचीच्या लग्नाला सांगलीला निघालेला मी लंगडत तिच्यापुढे गेलो.

"आवं पावणं, बूट काढा."

ठेच लागून फुटलेला अंगठा वांग्याएवढा सुजलेला, वर मीच दाबलेली तंबाखू.

"थंडी वाजतीया?"

भर उन्हात मी स्वेटर घालून कुडकुडत होतो. "थोडी."

तिनं कंडक्टरला हाळी दिली, "ह्यांची पिशवी खाली द्या! पावणं दवाखान्यात निघालं!"

"अहो, मी मामा! नवरीला मंडपात मीच नेणार!"

"मामी नेईल की. मामाच न्हाई ऱ्हायला, तर मामीनं काय करायचं?"

एसटी गेली, मी रिक्षात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

लग्न मी खाटेवरून फोनवर पाहिलं. मंगलाष्टकं इतक्या जोरात म्हटली, की शेजारच्या खाटेवरचे आजोबा अक्षता मागायला लागले.