जीपच्या दातांवरचा शेंदूर

आमची जीप कामठीच्या लिलावातली, लष्करानं मोडीत काढलेली. ‘चारही चाकांनी ओढते,’ असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि मी मान डोलावली. मी डॉक्टर होते आणि डॉक्टरला यंत्रातलंही कळतं असा माझा तेव्हा पक्का समज होता. त्याच समजुतीत मी तिला हौसेनं मोठे टायर चढवले. गाडी दिसायला रुबाबदार झाली आणि चढावर धापा टाकायला लागली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दर गुरुवारी मी नागपूरहून उमरेड रस्त्यानं एका खेड्यात दवाखाना चालवायला जात असे. हुडकेश्वरला तेव्हा सगळी शेतंच होती. तिथून बरंच पुढे गेल्यावर डांबरी रस्ता सोडून आत वळायचं, की काळी माती सुरू. पावसाळ्यात त्या मातीत मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरायचं आणि दुसरं जरा बऱ्या जमिनीवर ढिम्म उभं राहायचं. पुढच्या चाकांचीही तीच कथा. मग बैल यायचे, दोर यायचे आणि अर्धं गाव मजा बघायला यायचं.

त्या वर्षी गावातली एक बाई गरोदर होती. जेमतेम बावीस वर्षांची. तिची आधीची दोन्ही बाळं आडवी होती आणि दोन्ही नागपूरच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली. हे तिसरंही आडवंच होतं. तारीख श्रावणातली. ‘आधीच शहरात येऊन राहा,’ म्हटलं तर घरचे ऐकेनात. शेवटी मी तिला शब्द दिला, ‘कळा सुरू झाल्या की निरोप पाठव, मी जीप घेऊन येते.’ शब्द देऊन परत निघाले आणि गावच्या नाल्यातच रुतले. ती काठावर उभी राहून बघत होती. तिचा तो चेहरा मला सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कळमन्याच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे गेले आणि त्या बाईची सगळी हकिकत सांगितली. पन्नाशीचे, हडकुळे, कमी बोलणारे. त्यांनी जीपखाली सरकून पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसत, चाकांमधल्या गियरच्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाले, “बाई, हे डिफरन्शियल लय भोळं असते. ज्या चाकाले मेहनत नाही, त्यालेच सारी ताकद देते.”

“मग करायचं काय?”

“मागच्या डिफरन्शियलमधले लहान गियर वेल्डिंग करून बांधून टाकू. मंग दोन्ही चाकं संगच फिरतीन. अन् तुमच्या या मोठ्या टायरापायी क्राउन-पिनियन, म्हंजे मोठ्या-लहान दातेरी चाकाची जोडी, बदलावं लागन, पुढचं बी अन् मागचं बी, दात मोजून सारखं. गाडी हळू जाईन, पण ओढीन. शहरात वळताना टायर घासतीन, तवा मले बोलू नका.”

‘करा,’ म्हटलं. दोन्ही जोड्या त्यांनी स्वतः कामठीहून शोधून आणल्या. मग एक दिवस माझ्याकडे शेंदूर मागितला. आमच्या सासूबाई दर शनिवारी मारुतीला शेंदूर वाहत, त्यामुळे घरात डबी भरलेली असायची. पण त्यांचे डोळे मोठे झाले. “काहून वं, तो मिस्त्री तर बुद्धाची दीक्षा घेतलेला आहे ना? त्याले शेंदूर कायले पाहिजे?”

मी अगोचरपणे तो प्रश्न जसाच्या तसा मिस्त्रींना विचारला. ते खळखळून हसले. “आमी दीक्षा घेतली बाई, लोखंडानं थोडीच घेतली!”

शेंदूर तेलात कालवून त्यांनी तो क्राउनच्या दातांना बोटानं लावला आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. पिनियन जिथे दाबून बसलं तिथला शेंदूर पुसला गेला. तो डाग दाताच्या मधोमध हवा. आला दाताच्या टोकाशी. मिस्त्रींनी सगळं परत खोललं, पातळ पत्र्याची एक चकती काढून दुसरी घातली आणि पुन्हा शेंदूर लावला. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी गावाहून सांगावा आला, दिवस भरलेत, आता कधीही. मी तशीच गॅरेजात गेले. मिस्त्री पुन्हा जीप खोलूनच बसले होते.

“आज गाडी द्या,” मी म्हटलं.

“डाग अजून कडेलेच येऊन राहिला, बाई. असं नेलं तर जोर पडल्यावर दात तुटतीन. परवा देतो.”

माझा पारा चढला. “तुम्हा लोकांना काम लांबवायची सवयच असते!” असं मी सगळ्या गॅरेजसमोर म्हणाले. ‘तुम्हा मिस्त्री लोकांना’ असं मला म्हणायचं होतं, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली. पण ते तसं नव्हतं. त्यांना ते जसं लागलं तसंच मी म्हणाले होते. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चकतीकडे वळले. मी रिक्षा करून घरी आले.

कबूल केल्याप्रमाणे दोन दिवसांनी सकाळी जीप फाटकाशी उभी होती. चावी सासूबाईंकडे देऊन, चहा न घेता ते निघून गेले होते. आणि दुसऱ्याच दिवशी उजाडताना निरोप आला.

तिला घेऊन येताना त्या नाल्यात पाणी नव्हतं, पण चिखल गुडघाभर होता. ती मागे आडवी, तिची सासू तिचं डोकं मांडीवर धरून. काठ चढताना मागचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि मी सवयीनं डोळे मिटले. पण उजवं चाकही त्याच्याबरोबर फिरत राहिलं. गाडी गुरगुरत, बैलाच्या चालीनं वर आली. दुपारी नागपुरात ऑपरेशन झालं. मुलगी झाली आणि रडली. तिची आई भूल उतरल्यावर पहिलं काय बोलली असेल तर, “आवाज कुठून येऊन राहिला?”

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गॅरेजात गेले. मिस्त्रींनी आधी डिफरन्शियलचं थोडं तेल बाहेर काढलं आणि दोन बोटांत चोळून पाहिलं. लोखंडाचा कीस नव्हता, म्हणजे दात शाबूत होते. मग पेढा घेतला.

“मिस्त्री, मी त्या दिवशी जे बोलले, ते फार वाईट बोलले,” मी म्हटलं. “मला माफ करा. तुम्ही तेव्हा माझं ऐकून गाडी दिली असती, तर...”

“ऐकलं होतं बाई, सारंच ऐकलं होतं,” ते म्हणाले. “पण गाडीत तुमी थोड्याच झोपून येणार होत्या? ते पोटुशी पोरगी येणार होती.”