शनिवारचा बिझनेस क्लब

शाळेत ट्रॉफ्या ठेवायला काचेचं कपाट आहे आणि ते बहुतेक रिकामं आहे. किस्से ठेवायला कपाट नाही, त्यामुळे ते सगळे माझ्या डोक्यात साठतात. कांजूरमार्गच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बिझनेस क्लब घेते. मुलांनी धंद्याची कल्पना काढायची, प्लॅन बनवायचा आणि आंतरशालेय स्पर्धेत परीक्षकांपुढे मांडायचा, एवढाच उद्योग. आजवर बक्षीस एकही नाही, पण स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी विचारतंच, "काय बाई, क्लबचं नवीन काय?"

यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्पष्टच सांगितलं. या वर्षी बक्षीस आलं तर क्लब राहील, नाहीतर तो तास दहावीच्या जादा वर्गाला. टीममध्ये तिघं: ओमकार, सम्यक आणि ऋतुजा. ही ऋतुजा वर्गात हजेरी द्यायची तीसुद्धा कशीबशी ऐकू येईल अशी. क्लबात मात्र तिला थांबवावं लागायचं. बातमी ऐकून मुलगे म्हणाले, "वाट लागली." ऋतुजा म्हणाली, "बाई, क्लब गेला तर मी बोलू कुठे?" मी उगाच फळा पुसत राहिले.

*

पहिली स्पर्धा घाटकोपरला. स्टॉल लावून माल विकायचा होता. ओमकारचं घर मूळचं मालवणकडचं, तेव्हा गावाहून आलेल्या आगळाचं कोकम सरबत ठरलं. दुकान बरं चाललं होतं. एवढ्यात एक परीक्षक आले, घोट घेतला आणि म्हणाले, "आगळ घरचा दिसता. गाव खंयचा रे तुझा?"

झालं! ओमकारने त्यांचे पैसे घेतले नाहीत. ते भले गृहस्थ खूश होऊन आणखी दोन गाववाल्यांना घेऊन आले. त्यांचेही घेतले नाहीत. मी डोळे वटारले, तर मलाच म्हणाला, "गावच्या माणसाकडून सरबताचे पैसे घेतले तर आजी मला घरात घेणार नाही, बाई."

निकालाच्या कागदावर शेरा होता, आतिथ्य उत्तम, धंदा शून्य. खाली सही त्याच गाववाल्याची होती.

*

दुसऱ्या स्पर्धेला मार्केट सर्वे हवा होता. माल म्हणजे नाचणीचे लाडू. सर्वे सम्यकने अंगावर घेतला आणि आपल्याच बिल्डिंगमध्ये घरोघर जाऊन विचारलं, लाडू काढले तर घ्याल का? सगळे हो म्हणाले. डायबिटीसवाले काकाही हो, गोडाला हात न लावणाऱ्या काकूही हो. सम्यकचे आजोबा विदर्भातून इथे आले तेव्हापासून ही माणसं एकमेकांना धरून आहेत. पोरगं दारात येऊन विचारतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

परीक्षकांनी विचारलं, एकही नकार कसा नाही? सम्यक शांतपणे म्हणाला, "मॅडम, कोणी नाही म्हटलं असतं तर माझ्या आईने त्यांना विचारलं असतं ना, का नाही म्हणून."

हॉल हसला आणि बक्षीस दुसऱ्यांना गेलं. परत येताना मला फार वाईट वाटलं. आता एकच स्पर्धा उरली होती.

*

मग मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला, निखिलला, बोलावलं. तो अंधेरीला एका कंपनीत मार्केटिंगला आहे. त्याने मुलांना सांगितलं, लोकांना काय आवडतं ते सोडा, लोकांचा त्रास शोधा. ज्याची सवय होऊन गेली आहे, तो आधी. ओमकारने पटकन गणिताचं नाव घेतलं. ऋतुजा म्हणाली, "वास."

आमच्या कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या बाजूला राहणाऱ्यांना याहून जास्त सांगावं लागत नाही. रात्री लोक खिडक्या घट्ट लावून झोपतात, तरी धुतलेले कपडे कपाटातून काढले की त्यांना तो वास लागलेला असतोच. तिची कल्पना साधी होती. चेन लावलेली कापडी पिशवी, आत वाळा आणि कोळशाची पुरचुंडी, आणि त्यात युनिफॉर्म नाहीतर इंटरव्ह्यूचे कपडे टांगायचे.

सम्यक आडवा आला. "अगं, असं सांगितलं तर सगळ्यांना कळेल ना, आपण कुठे राहतो."

"जवळ बसलं की कळतंच रे. आता आपण सांगू."

पिशव्या शिवायला मशीन मात्र सम्यकच्याच घरची आली. सर्वेही या वेळी त्याने अनोळखी चाळीत केला. तिथे एका बाईंनी तोंडावर दार लावलं. हा धावत मला सांगायला आला, "बाई, नकार मिळाला!"

*

रंगीत तालीम मोठ्या बाईंसमोर झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, पण शाळेचं नाव कचऱ्याशी जोडलं जाईल, जरा जपून. मुलांचे चेहरे पडले. मग बाईंनी पिशवी नाकाशी नेली आणि हळूच विचारलं, "साडीच्या मापाची होईल का गं?"

मोठ्या बाई शाळेच्या मागच्याच गल्लीत राहतात.

*

शेवटची स्पर्धा जुहूच्या एका कॉलेजात होती. बाकीच्या टीम ब्लेझर घालून आलेल्या. सगळ्यांची शेवटची स्लाइड सारखीच, पाच वर्षांत भारतभर शाखा, मग दुबई. आमचाही नकाशा निखिलने करून दिला होता: ठाणे, नवी मुंबई, पुणे. ऋतुजाने तो पाठ केला होता.

ती झकास बोलली. पिशवी सगळ्या परीक्षकांच्या हातांतून फिरली. ओमकारने स्टेजवरून माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मलाही वाटलं, या वेळी होतंय. मधल्या परीक्षक बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, पाच वर्षांनी तुमची कंपनी कुठे असेल?

ओमकारने नकाशा लावला. ऋतुजाने वळून नकाशाकडे पाहिलं आणि जरा थांबली. या बक्षिसावर क्लब आहे, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"बंद, मॅडम."

सम्यकने दचकून तिच्याकडे पाहिलं. परीक्षक बाईंना वाटलं, मुलगी घाबरली. त्यांनी मायेने समजावलं, अगं, बंद पडणाऱ्या धंद्यात पैसे कोण घालील? घाई नाही, नीट विचार करून सांग.

"विचार केलाय, मॅडम," ऋतुजा म्हणाली. "पाच वर्षांनी आमच्याकडे लोक खिडक्या उघड्या ठेवून झोपायला हवेत."