टाकी कोणी भरली

गडचिरोलीच्या आमच्या कॉलनीत गवत कापायचा जुना छोटा ट्रॅक्टर लहानूभाऊ सतरा वर्षं चालवत होते. त्या दिवशी रेस सोडली की इंजिन आचके देत बंद पडू लागलं. कॉलनीच्या सुपरवायझरने त्यांच्या थोबाडीत मारली. "इंजिन खराब केलं तू. उद्यापासून येऊ नको."

फुटल्या ओठाने भाऊंनी कार्बोरेटरची पेट्रोल साचायची वाटी उघडली, हुंगली.

"ही तर मोहाची दारू आहे. सकाळी टाकी तुम्हीच भरली ना साहेब? तुमची बाटली कुठी आहे, पाहून घ्या."

कपडे वाळत घालणाऱ्या आम्ही बाया हसलो. सुपरवायझरने पुन्हा हात उगारला. भाऊंनी तो पकडून तापलेल्या सायलेन्सरवर दाबला. कातडी चरचरली, तरी सोडला नाही.

नोकरी तिथेच संपली. भाऊंनी टाकी रिकामी केली, वाटी धुतली, नवं पेट्रोल भरलं. इंजिन एकसारखं चालू लागल्यावरच ते फाटकाबाहेर पडले.